याचे पैसे कोणी दिले?

आम्ही अजिंठ्याला पोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते, वार सोमवार होता आणि गाड्या लावायच्या जागेत आमची एकटीच गाडी होती. नवरा खुशीत म्हणाला, "बघ, लवकर निघाल्याचा फायदा. गर्दीच नाही!" गर्दी नव्हती, कारण सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात. वेरूळची मंगळवारी. अख्ख्या महाराष्ट्राला बहुतेक हे माहीत असावं. आम्ही मात्र छत्रपती संभाजीनगरहून शंभर किलोमीटर गाडी हाकत, मे महिन्याच्या उन्हात, दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन तिथे उभे होतो. नवऱ्याच्या हातात एक्सेलचा छापील कागद होता. तीन दिवस, अकरा ठिकाणं, प्रत्येकापुढे मिनिटं लिहिलेली. अजिंठ्यापुढे १५० मिनिटं होती. ती आम्ही फर्दापूरच्या एका हॉटेलात मिसळ खाण्यात घालवली.

घरी आल्यावर मुलांना विचारलं, काय काय आवडलं? थोरला, वय वर्षं दहा, म्हणाला, "हॉटेलची लिफ्ट." धाकटी सहाची. तिला वेरूळजवळ पाहिलेलं उंटाचं पिल्लू आठवत होतं. कैलास लेणं दोघांच्याही लक्षात नव्हतं. डोंगर वरून खाली फोडत आणलेलं ते अख्खं देऊळ आम्ही त्यांना ४० मिनिटांत दाखवलं होतं ना! सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सहल काढली होतीत की परीक्षेची उजळणी?"

मी बँकेत आहे. चूक झाली की ती कुठे झाली हे शोधल्याशिवाय मला झोप लागत नाही. सोमवारचा घोळ माझ्या मते छोटा होता. अजिंठा उघडं असतं, तरी मुलांनी ते लिफ्टच्या खालीच धरलं असतं. सगळी ठिकाणं आम्ही निवडलेली, सगळी माहिती आम्हीच तोंडाने ओतत होतो आणि मुलं आमच्यामागून फरपटत होती. शिवाय थोरल्याला पूर्ण वेळ एकच धास्ती होती, 'यावर निबंध लिहावा लागेल का?' शाळेने नसता मागितला, पण मी मागितला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीचं ठरवताना आधी एक रंगीत तालीम करायचं ठरलं. आम्ही ठाण्याचे, आणि ठाण्यातल्या माणसाला कान्हेरीची लेणी म्हणजे घोडबंदर रोडने बोरिवलीला वळसा घालून जायचं ठिकाण. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान एकच, पण आपण डोंगराच्या चुकीच्या बाजूला राहतो. (तेही सोमवारी बंद असतं. या वेळी तीनदा बघितलं.) पावसाळा संपता संपता एका रविवारी सकाळी गेलो. तिथे शंभराहून जास्त लेणी आहेत. आम्ही ठरवून चार पाहिली. मी तोंडाला कुलूप लावलं होतं आणि घड्याळ लावलं होतं. मुलं कधी कंटाळतात ते मला मोजायचं होतं.

उत्तर आलं दोन तास वीस मिनिटं. त्यातला पाऊण तास पाण्याच्या टाक्यांवर गेला. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी खडकात कोरलेलं टाकं आहे आणि वरून वाहून येणारं पाणी त्यात नेणाऱ्या पन्हळी आहेत. धाकटीने एका पन्हळीत पान सोडून ते कुठवर जातं ते पाहण्याचा उद्योग आरंभला आणि थोरलाही, आपण मोठे आहोत हे विसरून, त्यात सामील झाला. मग तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या चैत्यात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहात, शिरल्यावर वर छताकडे बघत तो म्हणाला, "आई, याचे पैसे कोणी दिले?"

हा त्याचा ठेवणीतला प्रश्न आहे. मॉलमध्ये, लग्नात, तलावपाळीच्या रोषणाईखाली, सगळीकडे तो हेच विचारतो. एरवी मी "आगाऊपणा करू नकोस" म्हणते. पण कान्हेरीत या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर कोरलेलं आहे. लेणं, टाकं, बसायचा बाक, ज्याने जे दिलं त्याचं नाव, गाव, धंदा. या चैत्याचं काम व्यापारी भावांनी करवून घेतलं. इतर दात्यांत सोपाऱ्याची माणसं आहेत, नाशिकची आहेत, आणि कल्याणची तर बरीच. हे ऐकून तो थांबला. "आपलं कल्याण? लोकलवालं?"

दिवाळीची सहल तिथेच ठरली म्हणायला हरकत नाही. कल्याणच्या माणसांकडे एवढा पैसा आला कुठून? समुद्रातून, म्हणजे खाडीने, बंदरात. आणि बंदरातला माल जायचा कुठे? घाट चढून वर, नाणेघाटातून जुन्नरला आणि तिथून पुढे पैठणकडे. मी नकाशा काढला आणि ठाण्यापासून बोट फिरवत नेलं. कल्याण, मुरबाड, वैशाखरे, वर घाटमाथा, जुन्नर. जाऊन १३०-१४० किलोमीटर. आजवर ठिकाणांच्या याद्या करत आलो होतो. या वेळी हातात एक रस्ता होता आणि तो आमच्या दारावरून जात होता.

घरात मात्र तीन पक्ष होते. नवऱ्याला किल्ला हवा होता, आईंना (म्हणजे सासूबाईंना) अष्टविनायकातला निदान एक गणपती, आणि मुलांना पोहायचा तलाव असलेलं रिसॉर्ट. जुन्नरने पहिले दोन पक्ष एका झटक्यात गप्प केले, शिवनेरी आणि लेण्याद्री. लेण्याद्रीचा गिरिजात्मज तर मुळात बौद्ध लेण्यातच बसलेला आहे, म्हणजे दर्शन आणि गुंफा एकाच चढणीत. तलाव मिळाला नाही. त्याबदल्यात मी लेखी कबूल केलं की निबंध लिहायला सांगणार नाही. खाली सही केली. थोरल्याने तारीखही घालायला लावली.

चार दिवसांचा आराखडा मी मुद्दाम पातळ ठेवला. दिवसाला मोठं ठिकाण एकच, तेही जेवणाच्या आधी उरकायचं. बारा ते चार काहीही नाही, कान्हेरीची ती दोन तास वीस मिनिटं लक्षात ठेवून. नवऱ्याला हे रिकामे रकाने बघवेनात. तो तिथे हळूच ओझर लिहायचा, मी खोडायचे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळी मुंबई बाहेर पडते, म्हणून आणखी दोन दिवस थांबून निघालो. जुन्नरजवळ शेतातलं एक घरगुती राहण्याचं ठिकाण घेतलं. फोनवर मी तीनच गोष्टी विचारल्या: संडास कमोडचा आहे का (आईंचे गुडघे), गरम पाणी कधी मिळतं आणि रात्री मुलांना दूध मिळेल का. ज्यांनी लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना एकत्र नेलंय, त्यांना हे प्रश्न इतिहासाच्या आधी का येतात ते सांगायला नको.

निघण्याआधी तीन आठवडे एकच खेळ चालला. मी ब्राह्मी अक्षरांचा तक्ता छापून फ्रिजवर लावला. धाकटीने आठवडाभरात स्वतःचं नाव ब्राह्मीत गिरवलं आणि ते भिंतीवर, पाटीवर, माझ्या ऑफिसच्या डायरीवर सगळीकडे लिहून ठेवलं. थोरल्याला आकडे आवडले. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा, चार जवळजवळ अधिकच्या चिन्हासारखा. पण दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शून्य नाही. "मग बेरीज उभी मांडायची कशी?" त्याने विचारलं. मांडून बघ म्हटलं. अर्धा तास घाम गाळून म्हणाला, "यांच्याकडे बँकेत नोकरी नको."

आणि त्याला एक वही दिली. पूर्ण सहलीचा खजिनदार तो. कुठलाही खर्च त्याच्या वहीत नोंदल्याशिवाय करायचा नाही. "पैसे कोणी दिले" हा रकाना त्याने स्वतःहून आखला.

जातानाचा प्रवास थोडक्यात सांगते, कारण माळशेज घाटात धाकटीला तीनदा ओकारी झाली आणि त्यापलीकडे कुणाला फारसं काही दिसलं नाही. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास द्यायची असते, घाट सुरू झाल्यावर नाही. हे दोन मुलं वाढवूनही मला कळलेलं नाही. एका वळणावर गाडी थांबवली तेव्हा कड्यातले थर मात्र सगळ्यांनी पाहिले. एकावर एक रचल्यासारखे आडवे पट्टे, लाव्हारसाचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आमच्या ठाण्याजवळचा पारसिकचा डोंगरही याच दगडाचा, असं नवऱ्याने सांगितलं. धाकटी रुमालात तोंड खुपसून म्हणाली, "मग पारसिकलाच जायचं होतं ना."

दुसऱ्या दिवशी नाणेघाट. जुन्नरहून चावंडच्या पायथ्यावरून, घाटघरमार्गे गाडी थेट माथ्यावर जाते. पावसाळ्यात तिथे माणसांची जत्रा असते. आम्ही गेलो तेव्हा गवत पिवळं पडलेलं, वारा भणाणत होता आणि आमच्याखेरीज कॉलेजची चार पोरं. कड्यावर उभं राहिलं की सगळं कोकण पायाखाली अंथरल्यासारखं दिसतं. मी थोरल्याला काल आलो तो मुरबाडचा रस्ता दाखवला, दोऱ्यासारखा. "म्हणजे बैल तिथून इथे चढायचे?" पाच मिनिटं तो काहीच बोलला नाही. हा आमच्या घरातला विक्रम आहे.

मग रांजण. एकाच दगडात कोरलेला, थोरला आत उभा मावेल एवढा. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याने त्यात नाणी टाकायची. हे मी रंगवून सांगत असताना खजिनदार रांजणाभोवती फिरला, आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "टाकायची ठीक आहे. संध्याकाळी काढायची कशी? रोज एकाला आत उतरवायचे?" मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने कड्याकडे पाहिलं. वहीत त्याने लिहिलं, 'रांजण – पटलं नाही.' मला ही नोंद पूर्ण सहलीतली सगळ्यात मोलाची वाटते. माझ्या सासऱ्यांपासून माझ्यापर्यंत आम्ही सगळ्यांनी हा रांजण पाहिला, पण हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

खिंडीतून थोडं खाली उतरलं की लेणं. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ओळीच्या ओळी ब्राह्मी, दोन हजार वर्षांपूर्वीची. सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख. कोणते यज्ञ केले, त्यांत काय दक्षिणा दिली: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी, शेकड्यांनी आणि हजारांनी. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. आई आत येऊन टेकल्या. मी राणीचं सांगितल्यावर म्हणाल्या, "बाईने लिहवून घेतलंय होय हे सगळं? हिशेबासकट?" आणि पदराने भिंतीजवळची धूळ झटकल्यासारखं केलं. धाकटी भिंतीवर आपल्या नावातलं अक्षर शोधत होती. 'र' सापडला, एक उभी रेघ. मग तिला सगळीकडे 'र'च दिसायला लागला, भेगांमध्येसुद्धा. थोरला आकडे शोधत होता. लेख बराच झिजलाय, पण दोन आडव्या रेघा त्याला दिसल्या, किंवा दिसल्या असं त्याने ठरवलं. "ही तर पावती आहे!" तो म्हणाला. मी काही बोलले नाही. दोन तास दहा मिनिटं झाली होती. खाली जाऊन मासवडी आणि बाजरीची भाकरी खाल्ली आणि दुपारभर सगळे घोरले.

राहायचो त्या घरच्या काकूंनी संध्याकाळी बजावलं, "अंधार पडल्यावर पोरांना उसाकडे सोडू नका, बिबट्या येतोय." मी हादरले. थोरला शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे पण आहेत, येऊरला." काकूंना वाटलं पोरगं थापा मारतंय.

शिवनेरीवर मला भीती होती ती शाळेची. चौथीच्या इतिहासात सगळं वाचून झालेलं, १९ फेब्रुवारी १६३० घोकून झालेलं. पाठ असलेली जागा बघताना मुलं डोळे मिटतात. म्हणून मी मुलांच्या हातात एकेक काम दिलं. धाकटीने वाटेतले सात दरवाजे मोजायचे (पाचाला ती फुलपाखरामागे गेली, मग परत पहिल्यापासून). थोरल्याने दोन प्रश्नांची उत्तरं आणायची: गडावर पाणी कुठून येतं आणि धान्य कुठे ठेवतात. अंबरखाना त्याने लगेच ओळखला. गंगा-जमुना टाक्यांपाशी मात्र दोघंही एकदम ओरडली, "कान्हेरी!" डोंगराच्या पोटात बौद्ध लेणी आहेत हे तोवर मी सांगितलेलंही नव्हतं. जन्मस्थानाच्या वास्तूत तो चप्पल काढून, हात जोडून बराच वेळ उभा होता. तिथे मी काहीही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी खोडद. नारायणगावच्या पुढे शेतांमधून जाताना एकदम एक प्रचंड वाडगा आकाशाकडे तोंड करून उभा दिसतो, मग दुसरा, मग तिसरा. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण म्हणजे अशा ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांसारख्या २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. ४५ मीटर म्हणजे आमच्या पाचपाखाडीतली पंधरा मजली इमारत आडवी ठेवली तर. आत जायची परवानगी आधी काढावी लागते, ती मी काढली नव्हती. माझ्या पातळ आराखड्यात हे एवढं एक राहून गेलं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे प्रदर्शन भरतं. आता तेव्हा जायचं ठरलंय. रस्त्यावरूनच पाहिलं. नवरा इंजिनियर असल्याने इथे त्याला बोलायची मुभा होती. वाडगा भरीव पत्र्याचा नसून तारेच्या जाळीचा का? पकडायच्या लहरी मीटरभर लांबीच्या, त्यांना जाळीची भोकं कळतच नाहीत. म्हणून वजन कमी, खर्च कमी, वारा आरपार. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाची ही कल्पना. खर्च कमी म्हटल्याबरोबर खजिनदाराने कान टवकारले. "पण याचे पैसे कोणी दिले?" "आपण," नवरा म्हणाला, "टॅक्समधून." वहीत नोंद झाली: 'दुर्बीण – आपण (थोडे).'

लेण्याद्री मी शेवटच्या सकाळसाठी राखून ठेवलं होतं, त्याला कारण होतं. तीनशेच्या आसपास पायऱ्या, आई दर वीस पायऱ्यांनी बसत, पण कुणाचा हात न धरता चढल्या. माकडं पुष्कळ. खालच्या बाईकडून घेतलेला धाकटीचा पेरू एका माकडाने तिच्या हातातून, अगदी सभ्यपणे, काढून घेतला आणि तिने सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा भोकाड पसरला. वर सातव्या लेण्यात गिरिजात्मज. एवढा मोठा सभामंडप, मध्ये एकही खांब नाही. आई दर्शनाला बसल्या तोवर मुलांनी भोवतालच्या भिक्षूंच्या खोल्या मोजल्या, सात, सात आणि मागे सहा, वीस. मग शेजारच्या सहाव्या लेण्यापाशी नेलं. चैत्य आहे, कान्हेरीच्या मानाने लहान, देखणा. तिथे लेख कोरलेला आहे. त्यात काय लिहिलंय ते मी ठाण्याहून निघण्याआधी एका चिठ्ठीवर उतरवून पर्समध्ये ठेवलं होतं. ती चिठ्ठी थोरल्याच्या हातात दिली. त्याने मोठ्याने वाचलं: "कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं हे दान, चैत्यगृह."

"कल्याणचा?" 

"कल्याणचा."

"म्हणजे तो तिथून... त्या घाटाने... आणि हेरणिक म्हणजे?"

"सोन्यानाण्याचं काम करणारा. सोनार म्हण."

"म्हणजे तुझ्यासारखा. बँकवाला." तो परत एकदा छताकडे पाहायला लागला. जरा वेळाने म्हणाला, "याने आख्खंच दिलं. बापाचं नावपण घातलं." आणि खाली उतरून गेला. आम्ही उतरलो तेव्हा तो पेरूवाल्या बाईशी घासाघीस करत होता.

परतताना कल्याणला दुर्गाडीच्या पुलाजवळ नेहमीसारखे अडकलो. पाऊण तास गाडी हलली नाही. एरवी मागे महाभारत झालं असतं. थोरला खिडकीतून खाडीकडे बघत बसला होता, धाकटी माझ्या मांडीवर झोपली होती, नवरा फोनवर फेब्रुवारीतल्या अठ्ठावीस तारखेचा वार बघत होता.

घरी आल्यावर हिशेब जुळवायला मी वही मागितली. पेट्रोल, राहणं, जेवणं, पार्किंग, सगळं रुपयासकट होतं, प्रत्येकापुढे 'बाबा' किंवा 'आई' किंवा 'आजी'. शेवटच्या पानावर एक आडवी रेघ ओढून त्याखाली वेगळ्या, ठसठशीत अक्षरात एक ओळ होती आणि एक हा आकडा ब्राह्मीत काढला होता:

'ठाण्याच्या बँकवालीच्या मुलाचं हे दान, पेरू –. बहिणीला.'